तंटा मिटावा, गुन्हा दडू नये

(एकलहरे, जि. नाशिक येथे अधिकारी, शिक्षक व पंचायत सदस्य यांच्यासमोर झालेल्या भाषणाचा मजकूर)



गोदावरीच्या काठावरील एकलहरे हे नाव महाराष्ट्राला औष्णिक वीज केंद्रामुळे परिचित आहे. १९७० ते १९८१ या काळात येथे पाच संच उभे राहिले. त्यांतील १४० मेगावॉटचे पहिले दोन संच आयुष्य संपल्याने केव्हाच निवृत्त झाले. २१० मेगावॉटचे तीन संच त्यांच्यामागून आलेले. या केंद्रामुळे गावाचे रूप पालटले. एकीकडे पिढ्यान्‌पिढ्या जमीन कसणारी घरे, दुसरीकडे राज्याच्या कानाकोपऱ्यातून आलेले कामगार, भाडेकरू, कंत्राटी मजूर, छोटे दुकानदार. सर्वांनी सर्वांना ओळखावे अशी जुन्या गावाची स्थिती येथे राहिलेली नाही. जवळच नाशिक रोडचे मध्यवर्ती कारागृह आहे आणि नाशिक शहरात, १९०९ साली पुण्याहून येथे आलेली, पोलीस अधिकारी घडविणारी प्रशिक्षण संस्था आहे. गुन्हा, पोलीस आणि न्याय यांविषयी विचार करण्यास याहून उचित स्थळ शोधावे लागणार नाही.

या विषयाची चर्चा बहुधा पोलीस ठाण्यापासून सुरू होते आणि न्यायालयापाशी संपते. परंतु फौजदारी न्यायाची पहिली पायरी त्याहून अलीकडे असते. ती गावात, वस्तीत, शाळेच्या व्हरांड्यात आणि ग्रामपंचायतीच्या ओट्यावर असते. घडलेली गोष्ट प्रथम कोणाच्या कानी पडते आणि तो मनुष्य पुढल्या तासाभरात काय करतो, यावर पुष्कळदा खटल्याचे भवितव्य ठरते. त्या घटकेला एक प्रश्न अचूक सुटला पाहिजे : समोर आलेले प्रकरण तंटा आहे की गुन्हा?

समेटाची जुनी परंपरा

महाराष्ट्राच्या गावगाड्यात समेटाची परंपरा जुनी आहे. मराठेशाहीच्या काळात गोतसभेपुढे वतनाचे, शिवेचे, वारशाचे वाद चालत आणि निर्णयाचा महजर लिहून त्यावर साक्षीदारांच्या निशाण्या होत. ब्रिटिश अमदानीत पाटील हा सरकारचा गावातील हात झाला. स्वातंत्र्यानंतर वंशपरंपरागत पाटीलकी कायद्याने गेली आणि १९६७ च्या महाराष्ट्र ग्राम पोलीस अधिनियमाने पोलीस पाटील हे नियुक्तीचे पद निर्माण झाले. गावातील गुन्ह्यांची स्थिती, लोकांचे आरोग्य आणि सर्वसाधारण परिस्थिती यांची माहिती कार्यकारी दंडाधिकाऱ्यांना देणे, पोलिसांना साहाय्य करणे ही त्याची कर्तव्ये ठरली. निवाडा देण्याचे काम या पदाकडे सोपविलेले नाही, ही गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे.

समेटाच्या परंपरेला १५ ऑगस्ट २००७ रोजी नवे रूप मिळाले. तत्कालीन गृहमंत्री आर. आर. पाटील यांच्या पुढाकाराने महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम सुरू झाली. ग्रामसभेने समिती निवडावी, गावातील तंट्यांची नोंद करावी, दिवाणी, महसुली, फौजदारी व इतर अशी त्यांची वर्गवारी करावी आणि सामोपचाराने ते मिटवावेत, अशी ही योजना होती. या मोहिमेने अनेक भाऊबंद पुन्हा बोलू लागले, कोर्टाच्या खेपा वाचल्या, सणउत्सव शांततेत पार पडले. तिचे मोल मान्य केलेच पाहिजे.

बांध कोरला गेला, शेतात जाण्याची वाट अडवली गेली, सामाईक विहिरीच्या पाण्याच्या पाळीवरून बोलाचाली झाली, भावाभावांत वाटणी रखडली, तर तो तंटा होय. त्यात समाजाच्या पायाला धक्का लागलेला नसतो. दोन पक्षांचे हितसंबंध एकमेकांस भिडलेले असतात. गावाची मध्यस्थी येथे शोभून दिसते. मध्यस्थी न फळल्यास कायद्याची वाटही जवळ आहे. १९०६ च्या मामलतदार न्यायालय अधिनियमाखाली वहिवाटीच्या वाटेवरील अडथळा दूर करण्याचा अधिकार तहसीलदारास आहे. मात्र अडथळा आल्यापासून सहा महिन्यांच्या आत अर्ज करावा लागतो. पुष्कळ शेतकरी 'आज ना उद्या मिटेल' म्हणून मुदत घालवून बसतात. समितीने पक्षकारांस एवढी तारीख जरी वेळेवर सांगितली तरी ती मोठी सेवा ठरेल.

गुन्ह्याचा धनी कोण?

गुन्ह्याची गोष्ट वेगळी. फौजदारी खटल्याच्या कागदावर फिर्यादीच्या जागी महाराष्ट्र शासनाचे नाव असते. यात मोठा अर्थ आहे. खून, दरोडा, बलात्कार, जाळपोळ यांनी एका घरावर आघात होतो, तद्वतच सर्व समाजाच्या सुरक्षिततेवरही होतो; म्हणून समाजाच्या वतीने राज्य उभे राहते. पीडिताला एकटे पाडून, दडपून वा पैसे देऊन गप्प करता येऊ नये, हाही त्यातील हेतू आहे.

१ जुलै २०२४ पासून देशात भारतीय न्याय संहिता, भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आणि भारतीय साक्ष्य अधिनियम हे तीन नवे कायदे लागू झाले आणि १८६० ची दंड संहिता, १९७३ ची फौजदारी प्रक्रिया संहिता व १८७२ चा पुरावा कायदा यांची जागा त्यांनी घेतली. तडजोडीची मूळ रीत मात्र तीच राहिली. कोणत्या गुन्ह्यांत आपसांत मिटवता येते याची यादी नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३५९ मध्ये दिलेली आहे. साधी दुखापत, वाट अडवणे, बदनामी यांसारखी प्रकरणे पीडित व्यक्ती आपखुशीने मिटवू शकते. फसवणुकीसारख्या काही गुन्ह्यांत न्यायालयाची परवानगी लागते. यादीत नसलेल्या गुन्ह्यात तडजोड होऊ शकत नाही. शिवाय मिटवण्याचा अधिकार पीडिताचा आहे. पंचांचा नाही, सरपंचाचा नाही, पोलीस पाटलाचाही नाही.

या मर्यादेतून कायद्याने स्थापन केलेल्या लोकअदालतीचीही सुटका नाही. विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ नुसार तडजोडीस अपात्र असलेल्या गुन्ह्याचे प्रकरण लोकअदालतीपुढे चालत नाही. न्यायाधीशांच्या उपस्थितीत जे मिटू शकत नाही, ते चावडीवर कसे मिटावे? गंभीर गुन्हा दडवण्यासाठी पैसे देणे वा घेणे हा तर स्वतंत्र गुन्हा आहे. म्हणजे 'मिटवून टाकले' असे अभिमानाने सांगणारा मध्यस्थ स्वतःच आरोपी होऊ शकतो.

तीन ठिकाणचे धडे

ही चर्चा केवळ कलमांची नाही. गावाची मर्यादा सुटली म्हणजे काय होते, हे महाराष्ट्राने अनुभवलेले आहे.

भंडारा जिल्ह्यातील खैरलांजी येथे २९ सप्टेंबर २००६ रोजी एका दलित कुटुंबातील आई, मुलगी आणि दोन मुलगे यांची जमावाने हत्या केली. शेतातील वाटेचा वाद जुना होता. त्याच्या मुळाशी जातीची उतरंड होती. त्याच महिन्यात घडलेल्या एका मारहाणीच्या प्रकरणात या कुटुंबाने साक्ष दिली होती, आणि त्यातील आरोपी जामिनावर सुटताच हा प्रकार घडला. २००८ मध्ये भंडारा येथील न्यायालयाने आठ जणांना दोषी ठरविले, त्यांतील सहा जणांना फाशी सुनावली. २०१० मध्ये उच्च न्यायालयाने ती शिक्षा २५ वर्षांच्या कारावासात बदलली. वाटेचा वाद वेळीच सुटला असता, साक्षीदाराला संरक्षण मिळाले असता, भर गावात हे घडत असता एखादा आवाज उठला असता, तर चार जीव वाचते काय, हा प्रश्न न्यायालयाच्या निकालाने संपत नाही.

दुसरे ठिकाण धुळे जिल्ह्यातील राईनपाडा. साक्री तालुक्यातील या गावात १ जुलै २०१८ रोजी आठवड्याचा बाजार भरला होता. मुले पळविणारी टोळी फिरत असल्याच्या अफवा मोबाईलवरून सर्वत्र पसरल्या होत्या. भिक्षा मागत फिरणाऱ्या नाथपंथी डवरी गोसावी समाजातील पाच जणांवर संशय घेऊन जमावाने त्यांना पकडले आणि ग्रामपंचायतीच्या कार्यालयातील खोलीत ठेचून मारले. मृतांपैकी बहुतेक सोलापूर जिल्ह्यातील मंगळवेढा तालुक्याचे होते. ज्या खोलीत जन्ममृत्यूचे दाखले द्यावयाचे, त्याच खोलीत पाच माणसांचा मृत्यू झाला.

याच दिवशी रात्री नाशिक जिल्ह्यातील मालेगावातही तशीच अफवा उठली. एका लहान मुलासह पाच जणांवर मोठा जमाव चालून गेला. परंतु तेथे एका स्थानिक रहिवाशाने त्यांना आपल्या घरात घेतले, पोलीस वेळेवर पोहोचले आणि पाचही जीव वाचले. अफवा तीच होती, जमावही तसाच होता. फरक एका उघडलेल्या दाराचा होता. त्यानंतर अवघ्या दोन आठवड्यांत, १७ जुलै २०१८ रोजी, सर्वोच्च न्यायालयाने झुंडबळी रोखण्यासाठी प्रत्येक जिल्ह्यात पोलीस अधीक्षक दर्जाचा समन्वय अधिकारी नेमण्याचा आदेश दिला. आता भारतीय न्याय संहितेच्या कलम १०३ नुसार पाच किंवा अधिक व्यक्तींनी जात, समाज, भाषा, जन्मस्थान अशा कारणांवरून मिळून केलेल्या खुनास मृत्युदंड अथवा जन्मठेप आहे.

तिसरे उदाहरण खुद्द नाशिकचे. २०१३ च्या जून महिन्यात आंतरजातीय विवाह केलेल्या एका गर्भवती तरुणीचा तिच्या पित्यानेच येथे खून केला. या घटनेनंतर जातपंचायतींच्या दहशतीची प्रकरणे एकामागून एक उजेडात आली आणि त्यांविरुद्धच्या मोहिमेला नाशिकमधून बळ मिळाले. २०१६ मध्ये विधिमंडळाने संमत केलेला सामाजिक बहिष्कार प्रतिबंधक कायदा जुलै २०१७ पासून लागू झाला. कोणाचे पाणी तोडणे, लग्नकार्यास मज्जाव करणे, दंड आकारून 'जातीत घेणे' या गोष्टींना त्यात तीन वर्षांपर्यंत कारावासाची शिक्षा आहे. जातीची बैठक ही न्यायसंस्था नव्हे, हे राज्याने या कायद्याने निःसंदिग्धपणे सांगितले.

पंचायत सदस्य व शिक्षक यांचे दायित्व

पुष्कळ सदस्यांची अशी समजूत असते की, पोलिसांना कळवणे हे पोलीस पाटलाचे काम. आपण मध्ये पडू नये. कायदा असे म्हणत नाही. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३४ मध्ये गावच्या कारभाराशी संबंधित अधिकाऱ्यांवर माहिती देण्याचे कर्तव्य टाकलेले आहे आणि त्या अधिकाऱ्यांत ग्रामपंचायतीचा सदस्य स्पष्टपणे अंतर्भूत आहे. गावात वा जवळपास अजामीनपात्र गुन्हा घडला किंवा घडविण्याचा बेत असल्याचे कळले, अचानक वा अनैसर्गिक मृत्यू झाला, संशयास्पद स्थितीत प्रेत आढळले, तर दंडाधिकारी किंवा नजीकचे पोलीस ठाणे यांना तत्काळ कळवणे त्याच्यावर बंधनकारक आहे. सुनेचा मृत्यू 'पाय घसरून विहिरीत पडली' म्हणून घाईने अंत्यविधी करून संपवला जातो, तेव्हा कळूनही गप्प राहिलेला सदस्य या कर्तव्यास चुकलेला असतो.

शिक्षकांचे दायित्व तर आणखी नाजूक आहे. वर्गात एरवी बोलकी असलेली मुलगी एकाएकी गप्प होते, शाळेत येण्यास कचरते, याची जाणीव घरच्यांआधी शिक्षकाला होऊ शकते. बालकांचे लैंगिक अपराधांपासून संरक्षण करणारा २०१२ चा कायदा याबाबत कठोर आहे. असा अपराध घडल्याचे कळलेल्या कोणाही व्यक्तीने तो विशेष बाल पोलीस पथकास वा स्थानिक पोलिसांस कळवलाच पाहिजे. न कळवल्यास सहा महिन्यांपर्यंत आणि संस्थेच्या प्रमुखास एक वर्षापर्यंत कारावास होऊ शकतो. शाळेचे नाव खराब होईल, मुलीचे लग्न जमणार नाही, ही कारणे कायदा ऐकत नाही. मुलीचे नाव गुप्त राखण्याची तजवीज मात्र त्यात आहे, आणि पालकांची भीती दूर करण्यासाठी हीच गोष्ट शिक्षकाने त्यांना प्रथम समजावून सांगावयास हवी.

बलात्काराच्या प्रकरणात आरोपीशी विवाह लावून देण्याचा 'तोडगा' अजूनही काही ठिकाणी सुचविला जातो. सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये स्पष्ट केले की, अशा गुन्ह्यात तडजोडीचा विचार कोणत्याही परिस्थितीत करता येणार नाही. विवाहाची तयारी दाखवणे हाही पीडितेवरील दबावच होय.

दडपलेल्या गुन्ह्यांत अलीकडे आणखी एका प्रकाराची भर पडली आहे. निवृत्तीची पुंजी हाती असलेल्या ज्येष्ठांना दूरध्वनीवरून 'डिजिटल अटके'चा धाक घालून लुबाडले जाते. असा अटकेचा प्रकार कोणत्याही कायद्यात नाही. फसलेला मनुष्य लाजेने मुलांनाही सांगत नाही, आणि तेवढ्यात पैसे हातोहात पुढे जातात. १९३० या क्रमांकावर लगेच कळवल्यास रक्कम गोठविण्याची शक्यता असते. दिवस लोटल्यावर ती राहत नाही. वीज केंद्राच्या निमित्ताने जेथे पगारदार आणि निवृत्तिवेतनधारक वर्ग मोठा झाला, तेथे हा क्रमांक ग्रामपंचायतीच्या फलकावर असावयास हवा.

पहिल्या तासात काय करावे?

प्रथम ११२ या क्रमांकावर कळवावे. जखमीला रुग्णालयात हलवावे; त्याची हेळसांड पंचनाम्यासाठी होऊ नये. घटनास्थळी गर्दी होऊ देऊ नये, वस्तू हलवू नयेत, रक्त धुऊन टाकू नये. सात वर्षे वा अधिक शिक्षेच्या गुन्ह्यांत न्यायवैद्यक तज्ज्ञांनी घटनास्थळास भेट देण्याची तरतूद नव्या कायद्यात आहे. परंतु तज्ज्ञ येण्यापूर्वीच अंगण सारवले गेले तर त्यांनी पाहावे काय? अत्याचारपीडितेचे कपडे धुऊ नयेत, ते कोरड्या कागदात ठेवावेत आणि वैद्यकीय तपासणीस विलंब लावू नये.

'ही हद्द आमची नाही' हे उत्तर आता चालत नाही. कलम १७३ नुसार कोणत्याही ठाण्यात, हद्द कोणतीही असो, दखलपात्र गुन्ह्याची माहिती देता येते. ती इलेक्ट्रॉनिक मार्गानेही देता येते. मात्र तीन दिवसांत स्वाक्षरी करावी लागते. नोंदीची प्रत विनामूल्य मिळते आणि तपासाची प्रगती नव्वद दिवसांच्या आत कळविणे पोलिसांवर बंधनकारक आहे.

येथे पोलीस अधिकाऱ्यांविषयीही बोलले पाहिजे. गावाने गुन्हा दडवू नये असे सांगावयाचे आणि ठाण्यात आलेल्यास 'आपसांत मिटवा' म्हणून परत पाठवायचे, हे एकत्र नांदू शकत नाही. दखलपात्र गुन्ह्याची माहिती मिळताच नोंद झालीच पाहिजे, असा दंडक सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०१३ मध्ये घालून दिला. नव्या संहितेने तीन ते सात वर्षे शिक्षेच्या गुन्ह्यांत, वरिष्ठांच्या परवानगीने, चौदा दिवसांच्या प्राथमिक चौकशीची मुभा दिली आहे. ती टाळाटाळीसाठी वापरली जाऊ नये. स्त्रियांवरील गंभीर अत्याचारांची नोंद न करणाऱ्या लोकसेवकास तर कारावासाची शिक्षा आहे. ठाण्यात नोंदलेल्या गुन्ह्यांची संख्या वाढली म्हणजे ठाणे अपयशी, ही फूटपट्टीही बदलली पाहिजे. पुष्कळदा ती वाढलेल्या विश्वासाची खूण असते.

एक सावधगिरी

गुन्हा दडवू नये याचा अर्थ वाटेल त्याचे नाव घ्यावे असा नाही. गावात चोरी झाली की बोट प्रथम माळावरच्या पालांकडे जाते. १८७१ च्या कायद्याने कित्येक जमातींवर जन्मतःच गुन्हेगारीचा शिक्का मारला. तो कायदा ३१ ऑगस्ट १९५२ रोजी रद्द झाला, पण शिक्का मनातून गेला नाही. राईनपाड्याने ते दाखवून दिले. ऐकीव माहितीवर दिलेल्या एका नावाची किंमत फार मोठी असते. २०२२ अखेर देशातील कारागृहांत दर चार बंद्यांपैकी सुमारे तीन कच्चे कैदी होते. म्हणजे त्यांचा खटला अद्याप संपलेला नव्हता. त्यांतील जो निर्दोष ठरतो, त्याची गेलेली वर्षे कोणताही निकाल परत देत नाही. म्हणून डोळ्यांनी पाहिले तेवढेच सांगावे, आणि पाहिलेले सर्व सांगावे. संशयितास पकडले तर हात न उगारता पोलिसांच्या स्वाधीन करावे.

कोर्टाची वाट लांब आहे, साक्षीदारांचे हेलपाटे होतात, गावात कटुता राहते, हे आक्षेप खोटे नाहीत. परंतु दडवलेल्या गुन्ह्याने कटुता संपत नाही. ती फक्त दुर्बळाच्या घरी मुक्कामाला जाते. गुन्हेगार रोज समोरून ताठ मानेने जातो आणि पीडिताला मान खाली घालावी लागते, अशा गावात भांडणाची नोंद नसली तरी ते तंटामुक्त म्हणता येणार नाही. स्त्रिया, बालके, अनुसूचित जाती व जमाती यांना विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो. ही वाट त्यांना दाखवून देणे आणि पहिल्या खेपेस त्यांच्यासोबत ठाण्यापर्यंत जाणे, एवढे प्रत्येक सदस्याच्या आणि शिक्षकाच्या हाती आहे.

बांधाचा वाद बांधावर बसून मिटवावा. जेथे रक्त सांडले, जेथे लेकराच्या वा स्त्रीच्या देहावर हात पडला, तेथे गावाने पंच होऊ नये, साक्षीदार व्हावे.